उत्तर देणारी तार : परधानांची किंगरी आणि एकल वादनाचे शिक्षण

प्रस्तावना

चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे १९८२ पर्यंत एकच होते. या वनप्रदेशातील गोंडांचे परंपरागत कथागायक म्हणजे परधान. सात भावांपैकी धाकट्याचे ते वंशज, अशी परंपरागत समजूत आहे. कुळांची उत्पत्ती व पेन म्हणजेच कुलदेवतांच्या कथा ते किंगरीच्या साथीने गातात. चामड्याने मढविलेले, तीन तारांचे हे वाद्य गजाने वाजविले जाते. गायकांच्या कथांचा अभ्यास झाला. तथापि दोन चरणांमधील एकल वादन कसे आत्मसात होते, हा प्रश्न उपेक्षित राहिला. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

शब्द टिकले, सूर निसटले

मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी परधानाच्या मुखातून लिंगोची कथा उतरवून घेतली. त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ मध्ये, रिचर्ड टेंपल यांनी ती प्रसिद्ध केली. पुढे हायमेनडॉर्फ यांनी आदिलाबादच्या राजगोंडांवरील ग्रंथात (१९४८) परधानांच्या सामाजिक स्थानाचे विवेचन केले. आज चंद्रपूर जिल्ह्यात असलेला राजुरा तालुका त्या काळी आदिलाबादमध्येच होता. या नोंदी मोलाच्या आहेत. परंतु कागदावर चरण उतरला. चरण संपल्यावर गजाने दिलेले उत्तर मात्र उतरले नाही.

ब्लूजशी तुलना

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीतातही गायकाच्या ओळीला गिटार उत्तर देते. तेथे तार ओढून अथवा तिच्यावर बाटलीची मान फिरवून दोन स्वरांमधील जागा घेतली जाते. पडदे नसलेल्या किंगरीवर हेच काम बोटाच्या घसरणीने साधते. दोन्हीकडे आरंभीचे शिक्षण जाणत्याजवळ बसून, ऐकून होत असे. फरक पडला तो ध्वनिमुद्रणामुळे. १९२० च्या दशकात ब्लूजच्या तबकड्या निघू लागल्या. बी. बी. किंग यांनी बालपणी नात्यातील वृद्धेकडच्या तबकड्यांवर ब्लाइंड लेमन जेफरसन व लॉनी जॉन्सन यांचे वादन ऐकले. तबकड्यांवरील वादकांच्या हरकती पुन्हा पुन्हा ऐकून, त्यांतून त्यांनी स्वतःची शैली घडविली.

किंगरीला असे साधन व्यापक प्रमाणात लाभले नाही. तिची पाठशाळा म्हणजे यजमानाचे अंगण. विवाह, मृत्युसंस्कार व पेनपूजा या प्रसंगी वडीलधाऱ्यांच्या साथीला बसणारा मुलगा कथा व वादन एकत्रच उचलतो. कथेत कोठे थांबावे, कोठे तार एकटी बोलू द्यावी, हे प्रसंगच शिकवितो. म्हणून अवघड जागा सुट्या पाठ करून भागत नाही. त्या कथेच्या अर्थाशी बांधलेल्या असतात. यजमानी संबंध सैल झाला की परधानाचे दान-मान थांबतात, आणि त्याचबरोबर शिकणाऱ्याची संधीही संपते.

निष्कर्ष

लिखित संहिता कथेचे रक्षण करते. वादनपरंपरेचे रक्षण करण्यास ती अपुरी आहे. गडचिरोली येथे २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या परिसरातील महाविद्यालयांनी परधानांच्या संमतीने संपूर्ण प्रयोगांचे ध्वनिचित्रमुद्रण करावे आणि त्याची पहिली प्रत त्यांच्याच मुलांच्या हाती द्यावी. हिस्लॉपच्या लेखणीतून निसटलेले उत्तर आजही ऐकता येते. ते देणारी बोटे असेपर्यंतच.