साथ आली की गणित काय सांगतं? २२३ घरांच्या एका गावाचा हिशेब

पावसाळा लागला की आशाताई वही घेऊन दारात येतात. "घरात कुणाला जुलाब, उलटी, ताप?" आपण जनावराला वैरण टाकता टाकताच सांगतो, "नाही, सगळं ठीक आहे." मीसुद्धा दोनदा असंच सांगितलंय, तेही घरात पोरगं जुलाबानं पडलेलं असताना. गावात उगाच चर्चा नको म्हणून. त्या वहीतल्या एका खोट्या 'नाही'नं काय बिघडतं, ते समजून घेण्यासाठी ही माहिती.

कॉलरा आणि विहीर

मॅकेंड्रिक नावाचे एक स्कॉटिश डॉक्टर इंग्रजांच्या काळात भारतात नोकरीला होते. हिमाचलातल्या कसौलीच्या पाश्चर संस्थेत त्यांनी काम केलं. १९२६ साली त्यांनी भारतातल्या एका गावातल्या कॉलऱ्याच्या साथीचा हिशेब छापला. गावात २२३ घरं होती. त्यातल्या १६८ घरांत एकही रुग्ण नव्हता. ३२ घरांत एक, १६ घरांत दोन, ६ घरांत तीन आणि एका घरात चार रुग्ण होते. एकूण ८६ रुग्ण.

आता चिठ्ठ्या टाकल्यासारखे हे ८६ रुग्ण २२३ घरांत कसेही वाटले गेले असते, तर काय झालं असतं? एकच रुग्ण असलेली घरं साधारण ५८ निघाली असती, आणि तीन किंवा जास्त रुग्णांची फार तर एक-दोन. प्रत्यक्षात एक रुग्णाची घरं ३२ आणि तीन किंवा जास्तवाली ७ होती. म्हणजे धोका सगळ्या गावाला सारखा नव्हता.

मग मॅकेंड्रिक यांनी उलटा हिशेब केला. किती घरांना धोका धरला तर आकडे जुळतात? उत्तर आलं ९३. एवढी घरं धरली की एक रुग्णाची ३४, दोनची १६, तीनची ५ आणि चारचं १ घर येतं. प्रत्यक्ष आकड्यांच्या अगदी जवळ. त्यावरून त्यांनी अंदाज बांधला की रोग पाण्यातून आला असावा, गावात अनेक विहिरी असाव्यात आणि ही ९३ घरं एकाच खराब विहिरीचं पाणी पीत असावीत.

यात आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. या ९३ पैकी सुमारे ३७ घरांत तोवर कुणीच आजारी नव्हतं. ती माणसं 'आपल्याला काही नाही' म्हणत तेच पाणी पीत असणार.

तीन गट

पुढच्याच वर्षी, १९२७ साली, मॅकेंड्रिक आणि त्यांचे सहकारी करमॅक यांनी साथीचं एक मॉडेल मांडलं. मॉडेल म्हणजे रोग कसा पसरतो याचा आकड्यांत मांडलेला हिशेब. त्यांनी लोकांचे तीन गट केले: रोग अजून न झालेले, सध्या आजारी असलेले, आणि बरे झालेले किंवा दगावलेले. हिशेब जुळतो का हे बघायला त्यांनी मुंबईचे आकडे घेतले. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळात मुंबईत प्लेगनं दर आठवड्याला किती माणसं गेली, ते आकडे.

त्यातून कळलं ते असं की साथ थांबायला गावातला प्रत्येक माणूस आजारी पडावा लागत नाही. रोग होऊ शकेल अशी माणसं एका मर्यादेखाली आली की साथ आपोआप ओसरते. डोंगरावर वणवा अडवायला जाळरेषा काढतात, तसंच हे. सगळं गवत कापावं लागत नाही, पण पट्टा पुरेसा रुंद लागतो.

एकाकडून किती जणांना?

एका रुग्णाकडून दोघांना रोग झाला, तर दहाव्या फेरीला १,०२४ नवे रुग्ण होतात. एकाकडून सरासरी एकापेक्षा कमी जणांना झाला, तर साथ विझत जाते. सगळी धडपड हा आकडा एकाच्या खाली आणण्यासाठी असते.

गोवर फार वेगानं पसरतो. कुणालाच प्रतिकारशक्ती नसेल, तर एका रुग्णाकडून १२ ते १८ जणांना होऊ शकतो. १५ धरले तर त्यातल्या १४ जणांना संरक्षण हवं, म्हणजे शंभरात ९३. म्हणूनच ९५ टक्के मुलांना गोवर-रुबेला लसीचे दोन्ही डोस द्या असं सांगतात. वाडीतली दहातली दोन पोरं राहिली तरी पट्टा तुटतो.

डासांचंही तसंच. मलेरिया डासांतून पसरतो हे सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस यांनी गणितानंच दाखवलं की प्रत्येक डास मारायची गरज नाही. डासांची संख्या एका मर्यादेखाली आणली तरी मलेरिया हटतो. अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस.

गणित कुठं चुकतं?

मॉडेल म्हणजे भविष्य नव्हे. मुंबईचा प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरत होता, आणि मॉडेलमध्ये उंदीर धरलेलेच नव्हते. आकडे जुळले तरी कारण तपासावं लागतं. घरातल्या एकाचं दुसऱ्याला लागलं तरी एका घरात तीन-चार रुग्ण दिसतात. म्हणून हिशेबानं विहिरीकडे बोट दाखवलं, तरी पाणी तपासायलाच हवं. आणि वहीतला आकडाच खोटा असेल, तर कुठलंच गणित चालत नाही.

आपण काय करायचं?

- आशाताईंना खरं सांगा. किती जण आजारी, कोणत्या तारखेपासून, हे दोन्ही सांगा.
- पिण्याचं पाणी कुठलं ते सांगा: नळ, विहीर, हातपंप की शेतातली बोअर.
- एकाच आळीत दोन-तीन घरांत जुलाब दिसले, तर त्याच दिवशी उपकेंद्राला कळवा.
- ग्रामपंचायतीत विचारा: टीसीएल पावडर टाकली का, पाण्याचा नमुना कधी गेला, आपल्या गावाला कार्ड हिरवं, पिवळं की लाल?
- तोवर पाणी उकळून प्या. जुलाब झालेल्याला लगेच ओआरएस, म्हणजे जलसंजीवनी सुरू करा.

आपलं घर आज त्या ३७ घरांपैकी असू शकतं. शेजारच्यानं वहीत खरं सांगितलं, तरच आपल्याला वेळेवर कळेल. आणि आपण सांगितलं, तर त्याला.