एक यंत्र, दोन विद्यार्थी

शाळेच्या संगणक-कक्षात एकाच यंत्रापुढे दोन मुले बसलेली दिसली, की पाहणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो शाळेच्या गरिबीचा. यंत्रे थोडी, मुले अधिक, म्हणून ही वाटणी, असे तो समजतो. हा समज अगदीच निराधार आहे असे नाही. १९८४ साली भारत सरकारने शाळांत संगणक-शिक्षणाची योजना हाती घेतली. तेव्हा सुमारे अडीचशे शाळांना ब्रिटिश बनावटीची बीबीसी यंत्रे मिळाली, आणि एकेका यंत्राभोवती मुलांचा घोळका जमणे अपरिहार्यच होते. परंतु ज्या विद्यापीठांत यंत्रांची मुळीच वाण नाही, तेथेही नवशिक्यांना मुद्दाम दोघादोघांनी बसविण्याची पद्धत गेल्या पंचवीस वर्षांत रूढ झाली आहे. ही पद्धत आली कोठून, आणि तिचे मर्म कशात आहे, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

दोघांनी मिळून विद्या संपादन करण्याची गोष्ट निघाली, की ग्वाल्हेरकराला आपल्या शहराचे गाणे आठवल्यावाचून राहत नाही. ग्वाल्हेरच्या ख्यालगायकीचा पाया ज्यांनी घातला, ते हद्दूखाँ आणि हस्सूखाँ हे बंधू. नत्थन पीरबक्षांचे हे नातू. दौलतराव शिंद्यांच्या दरबारात बडे महंमदखाँ गात असता या भावांनी पडद्याआडून त्यांची तान ऐकून ऐकून आत्मसात केली, अशी आख्यायिका येथे अद्यापि सांगतात. तिच्यातला तपशील कितपत खरा मानावयाचा, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण हे बंधू जोडीने गात असत, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. पुढे लष्करातील महाराष्ट्रीय पंडित घराण्यातील शंकरराव आणि एकनाथ या भावांनी हीच विद्या निसार हुसेनखाँकडून घेतली, आणि खाँसाहेबांना आपल्या घरी आश्रय दिला. जोडीने गाणाऱ्यांपैकी एकाने जागा घेतली, की दुसऱ्याला ती ऐकून पुढे न्यावी लागते. त्यामुळे प्रत्येकजण आळीपाळीने गायकही असतो आणि श्रोताही. केवळ ऐकत राहण्याची मुभा कोणालाच नसते.

काळ बदलला. शंकररावांचे चिरंजीव कृष्णराव पंडित यांनी १९१४ साली लष्करात संगीत-विद्यालय काढले. १९१८ साली माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने आणि पंडित भातखंडे यांच्या मार्गदर्शनाने माधव संगीत विद्यालय उघडले. गुरुगृहीची विद्या वर्गात आली, स्वरलिपीत उतरली, आणि ज्यांना उस्तादांचा उंबरठा ओलांडता येत नव्हता, अशा अनेकांना ती सुलभ झाली. हा लाभ लहान नव्हे. तथापि वर्ग म्हटला, की एक अडचण त्याच्याबरोबर येतेच. वीसजणांच्या आवाजात एकाचा चुकलेला स्वर लपून जातो. शिकविणाऱ्याला तो ऐकू येत नाही, आणि चुकणाऱ्यालाही आपण चुकलो हे कळत नाही. प्रत्येकाच्या शेजारी कान देणारा कोणीतरी हवा, ही गरज मागे उरतेच.

ही गरज आपल्याकडील मुलांनी पूर्वीच ओळखली होती. १६२३ साली पिएत्रो देला व्हाले नावाचा इटालियन प्रवासी कर्नाटकातील इक्केरी येथे आला असता, देवळाच्या ओसरीत चार मुले अंकगणिताचा धडा सुरात म्हणत वाळूवर बोटांनी लिहीत असलेली त्याने पाहिली. जवळ पंतोजी नव्हते. विसरलात तर तुम्हांला सांगणार कोण, असे त्याने विचारले. चौघेही एकाच ठिकाणी विसरणे शक्य नाही, एक चुकला की दुसरा आठवण देतो, असे उत्तर त्याला मिळाले.

पुढे १७८९ पासून मद्रासच्या एका अनाथालयाचा कारभार पाहणारे अँड्र्यू बेल यांनी मलबारी मुलांना वाळूत अक्षरे काढताना पाहिले, आणि मोठ्या मुलाने धाकट्याला शिकवावे अशी व्यवस्था आपल्या शाळेत बसविली. १७९७ साली त्यांनी लंडनमध्ये तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. लवकरच इंग्लंडात व इतरत्र शेकडो शाळा या धर्तीवर चालू लागल्या. थोड्या खर्चात पुष्कळ मुले शिकू लागली खरी, पण त्यात एक उणीव राहिली. जो मुलगा मॉनिटर झाला तो सांगणाराच राहिला, आणि बाकीचे ऐकणारेच राहिले. इक्केरीच्या ओसरीत चौघे एकमेकांचे गुरू होते. बेल यांच्या शाळेत मात्र गुरू आणि शिष्य यांच्या जागा पक्क्या झाल्या. पाठांतर फैलावले, समज मागे पडली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही पद्धत बहुतेक ठिकाणी मावळली.

आता संगणकाकडे वळू. १९४६ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे एनियॅक हा प्रचंड गणकयंत्राचा प्रयोग जगापुढे आला. त्यावरील आज्ञावली रचण्याचे काम सहा तरुणींकडे होते, आणि त्यांपैकी जीन जेनिंग्ज व बेटी स्नायडर या दोघींनी तोफगोळ्याच्या मार्गाचे गणित जोडीने बसविले. एकीने केलेल्या मांडणीतील दोष दुसरीने हुडकावा, आणि त्यात कोणी कमीपणा मानू नये, अशी त्यांची रीत होती. पुढे १९९९च्या सुमारास केंट बेक यांच्या ग्रंथामुळे ही रीत धंद्यात रूढ झाली. एकाने कळफलक हाती घ्यावयाचा, दुसऱ्याने शेजारी बसून वाट दाखवावयाची, आणि काही वेळाने दोघांनी जागांची अदलाबदल करावयाची, असा तिचा नियम आहे. एक गाडीवान, एक वाटाड्या म्हणा ना.

त्याच वर्षी युटा विद्यापीठात लॉरी विल्यम्स यांनी विद्यार्थ्यांवर या पद्धतीची परीक्षा घेतली. आरंभीची अवघड वेळ सरल्यावर जोडीला एकट्यापेक्षा एकूण श्रम सुमारे १५ टक्के अधिक लागले, पण तयार झालेली आज्ञावली अधिक निर्दोष निघाली. कॅलिफोर्नियात सांताक्रूझ येथे पाचशेहून अधिक नवशिक्यांचे निरीक्षण झाले. त्यात जोडीने काम केलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के, तर एकट्याने केलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के विद्यार्थी अखेरच्या परीक्षेपर्यंत टिकले. ती परीक्षा प्रत्येकाने एकट्याने दिली होती. तरीही जोडीतील मुले तीत मागे पडली नाहीत.

याचे कारण समजण्यास कठीण नाही. नवशिक्याची चूक बहुधा एखाद्या स्वल्पविरामाची किंवा कंसाची असते. लिहिणाऱ्याचा डोळा आपण लिहू इच्छिलेले वाचतो, तर शेजाऱ्याचा डोळा प्रत्यक्ष लिहिलेले वाचतो. शिवाय आपला विचार दुसऱ्याला सांगू गेले, की त्यातील पोकळी सांगता सांगताच उघडी पडते. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही, की यंत्राने पहिल्यांदा काम नाकारले म्हणजे एकटा बसलेला मुलगा स्वतःलाच मठ्ठ ठरवून मोकळा होतो. शेजारी दुसरा असला, की दोष आपल्या बुद्धीचा नसून ओळीचा आहे, हे त्याच्या ध्यानात येते.

परंतु दोघांना शेजारी बसविले म्हणजे कार्य झाले, असे मानू नये. हुशार मुलगा कळफलक सोडत नाही आणि दुसरा नुसता मान डोलावीत राहतो, हे दृश्य आपल्या वर्गांत दुर्मिळ नाही. ती बेल यांच्या मॉनिटरचीच पुनरावृत्ती होय. म्हणून जोडी शक्यतो समान तयारीच्या मुलांची असावी, जागा घड्याळ पाहून बदलाव्यात, आणि परीक्षा मात्र प्रत्येकाची वेगळी घ्यावी. या तीन गोष्टी सांभाळण्यास पैसा लागत नाही, शिक्षकाचे लक्ष लागते.

आमच्या ग्वाल्हेरात १९९७ साली सूचना-प्रौद्योगिकीचे राष्ट्रीय दर्जाचे संस्थान स्थापन झाले. तेथवर पोहोचणारी मुले कोणत्या तरी साध्या शाळेतूनच जाणार आहेत, आणि त्या शाळेत यंत्रे थोडीच असणार आहेत. तेव्हा यंत्रांची संख्या वाढेल त्या दिवसाची वाट पाहत न बसता, आज जी दोन मुले एका यंत्रापुढे बसली आहेत, त्यांतील गप्प बसलेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या हाती कळफलक देण्याचे काम शिक्षकाने या आठवड्यातच करावे. गप्प बसणारेच सर्वांच्या आधी विद्या सोडून जातात, आणि ते केव्हा गेले हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.