अपराधभाव

आपल्या हातून कुणाचे नुकसान झाले, कुणाचे मन दुखावले किंवा करायला हवे होते ते राहून गेले, या जाणिवेने मनाला लागणारी टोचणी. सिग्मंड फ्रॉइडने (१८५६–१९३९) तिचा उगम मनाच्या आतच शोधला: आईवडिलांचा धाक मुलाच्या मनात ‘पराहम्’ होऊन बसतो आणि तोच पुढे माणसाला दोषी ठरवतो. या मांडणीत समोरचा दुखावलेला माणूस मात्र जवळजवळ हरवतो. मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर, अर्लीन स्टिलवेल आणि टॉड हेदरटन यांनी १९९४ मध्ये त्याला पुन्हा मध्यभागी आणले. परक्यापेक्षा जवळच्या माणसाला दुखावल्याची बोच अधिक लागते. तीच माफी मागायला, भरपाई करायला आणि पुन्हा तसे न वागायला भाग पाडते. अपराधभावाला दुबळेपणा समजणे म्हणूनच चुकीचे आहे.

शरम याहून वेगळी. हेलन ब्लॉक लुईस यांनी १९७१ मध्ये दाखवलेला फरक आजही उपयोगी पडतो: अपराधभावात ‘मी वाईट केले’ असे वाटते, तर शरमेत ‘मीच वाईट’ असे वाटते. केलेली गोष्ट निस्तरता येते, पण स्वतःला कुठे ठेवणार? म्हणून शरमेने माणूस तोंड लपवतो किंवा उलट दुसऱ्यावरच खापर फोडतो. जून टँगनी यांच्या अभ्यासांत अपराधभावाकडे कल असणाऱ्यांमध्ये सहानुभूती अधिक आढळली, तर शरमेकडे कल असणाऱ्यांमध्ये राग आणि दोषारोप अधिक आढळले.

अपराधभाव लवकर जागा होणारी माणसे सहसा कर्तव्यदक्ष आणि मिळतेजुळते घेणारी असतात. मनोविकृत व्यक्तिमत्त्वात हा भाव फार क्षीण असतो.

मुलाला मार देण्यापेक्षा ‘तुझ्या वागण्याने तिला काय वाटले असेल?’ असे विचारल्याने हा भाव निकोप वाढतो, असे मार्टिन हॉफमन यांचे प्रतिपादन. ‘तुझ्यासाठी एवढे केले, आणि तू?’ हा घरोघरचा प्रश्न वेगळा. त्याने माणूस ऐकतो, पण मनात अढी धरतो.

भरपाईची वाट बंद असली, की हा भाव स्वतःवरच उलटतो. नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या अनेकांना आपले आप्त गेले आणि आपण उरलो याचीच टोचणी लागून राहिली. मनोविश्लेषक विल्यम नीडरलँड यांनी १९६० च्या दशकात तिची नोंद केली. वाचलेल्यांचा दोष काहीच नव्हता. अवाजवी अपराधभाव हे नैराश्याचेही एक लक्षण मानले जाते. तिथे नुसत्या समजुतीने भागत नाही, उपचार लागतात.