गोंदण आणि सरकारदरबार

शासकीय सेवेत रुजू होणाऱ्या प्रत्येकाचे एक सेवापुस्तक उघडले जाते. गुजरात शासनात त्याला सेवापोथी म्हणतात. तिच्या पहिल्या पानावर नाव, जन्मतारीख, उंची यांच्या सोबतीने अंगावरील ओळखीच्या खुणांचा एक रकाना असतो. आस्थापना शाखेत असताना असे शेकडो रकाने माझ्या नजरेखालून गेले. ‘डाव्या गालावर तीळ’, ‘गुडघ्यावर जुन्या जखमेचा व्रण’ अशा नोंदींमध्ये ‘उजव्या हातावर नाव गोंदलेले’ ही नोंद वरचेवर आढळे. कारकुनाच्या लेखी ती सर्वांत भरवशाची खूण. तीळ कोणालाही असतो. गोंदलेले नाव ज्याचे त्याचेच. ज्या गोंदणाची सरकारने इतक्या आस्थेने नोंद ठेवली, त्याच गोंदणापायी आज काही नोकऱ्यांची दारे बंद होतात, हे कसे झाले असावे?

आपल्या सुरतेत लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली हजारो कुटुंबे आहेत. त्यांतील एखाद्या वृद्धेचा हात पाहावा. मनगटाच्या वर तुळशीवृंदावन, कोठे विंचू, कोठे लक्ष्मीची पावले, हनुवटीवर ठिपके. माझ्या आईच्या हातावरही वृंदावन होते. चार-पाच सुया एकत्र बांधून, दिव्याची काजळी कालवून गोंदणारीण ते टोचीत असे आणि वरून हळद लावीत असे. बाकीचे दागिने मागे राहतात, हा एकच दागिना बरोबर येतो, असे आई म्हणे. गुजराती भगिनी यालाच छूंदणां किंवा त्राजवां म्हणतात. भाषा बदलली तरी समजूत बदलत नाही. पुढे जत्रेत विजेवर चालणारे यंत्र आले आणि सहा-सात वर्षांच्या मुलांच्या हातावर नावे उमटू लागली. जत्रेत मूल हरवले तर नावावरून सापडेल, हा आईबापांचा साधा हिशेब. त्या मुलाला कोणी विचारले नव्हते, ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची आहे.

सरकार आणि गोंदण यांचा संबंध मात्र प्रथम तुरुंगात आला. ईस्ट इंडिया कंपनीने १७९७ मध्ये बंगाल इलाख्यात नियम करून जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदण्याची शिक्षा चालू केली. त्यासाठी शब्द वापरला तो आपलाच, ‘गोदना’. आयाबायांच्या अंगावरील सौभाग्याची खूण अशा रीतीने कलंकाची खूण झाली. कैदी पागोटे कपाळावर ओढून ती लपवीत. १८४९ मध्ये ही प्रथा कायद्याने बंद झाली, पण अंगावरील खुणा वाचण्याची सवय सुटली नाही. सातासमुद्रापार जाणाऱ्या गिरमिटियांच्या परवान्यावर शारीरिक खुणांचा रकाना असे. १८७१ च्या कायद्याने तर जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या आणि त्यांची नोंदवही ठेवली. तो कलंक कायद्यातून जाण्यास १९५२ साल उजाडावे लागले. गोंदलेला माणूस म्हणजे खालच्या थरातला, कदाचित संशयितही, ही सुशिक्षितांच्या मनातील भावना याच काळाची देणगी असावी, असे मला वाटते. गंमत अशी की, ज्या पंचम जॉर्जच्या तसबिरी आमच्या वडिलांच्या पिढीने कचेऱ्यांतून पाहिल्या, त्याने स्वतः राजपुत्र असताना १८८१ मध्ये जपानात हातावर ड्रॅगन गोंदवून घेतला होता. त्याला अर्थात कोणाकडे अर्ज करावयाचा नव्हता.

आजचे नियम पाहिले तर त्यांत बरीच सूक्ष्मता आहे. केंद्रीय निमलष्करी दलांच्या भरतीत धार्मिक चिन्ह किंवा नाव यांचे गोंदण चालते. परंतु हाताच्या आतील बाजूस, तेही डाव्या, कारण उजवा हात सलामीचा. किंवा मग पंजाच्या पाठीवर. आकार त्या अवयवाच्या एक चतुर्थांशाहून कमी हवा. भूदलाच्या भरतीत आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीनुसार असलेल्या गोंदणाबाबत सवलत आहे. गणवेशाच्या शिस्तीला काही मर्यादा लागते, हे मी मान्य करतो. बीभत्स किंवा कोणाचा अवमान करणारे चित्र अंगावर घेऊन कोणी सलामी देऊ नये. परंतु जत्रेतल्या त्या मुलाने उजवा हात पुढे केला की डावा, यावर अठरा वर्षांनंतर त्याची पात्रता ठरावी काय? भरतीपूर्वी लेसरने गोंदण खोडून घेणारी, प्रसंगी आम्ल लावून कातडी जाळून घेणारी मुले खेडोपाडी आहेत. २०१५ नंतरच्या काही वर्षांत सोलापूरकडील एका तरुणाला हातावरील धार्मिक चिन्हामुळे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने नाकारले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने त्याची बाजू उचलून धरली. पण उच्च न्यायालयापर्यंत जाण्याची ऐपत कितीजणांची असते?

आणि जेथे गणवेशच नाही, तेथे नियमही नसतो; तेथे केवळ नजर असते. लिहिलेल्या नियमाविरुद्ध दाद मागता येते, नजरेविरुद्ध कोठे मागणार? एका कचेरीत दूरध्वनिचालकाच्या जागेसाठी मुलाखती होत्या. निवड समितीत मी सर्वांत कनिष्ठ होतो. जिल्ह्याच्या पूर्व पट्ट्यातील एक आदिवासी मुलगी आली. उच्चार स्वच्छ, गुजराती उत्तम, हिंदी चांगली, कामचलाऊ मराठीसुद्धा. कपाळावर आणि हनुवटीवर ठिपके. ती बाहेर गेल्यावर एक सदस्य हसून म्हणाले, “बाकी सगळं ठीक आहे हो, पण समोर बसवायला जरा...” वाक्य त्यांनी पूर्ण केले नाही आणि कोणी करावयासही सांगितले नाही. दूरध्वनीवर बोलणाऱ्याची हनुवटी दिसत नाही, एवढे तरी मी म्हणावयास हवे होते. मी गुणपत्रकावर सही केली. तिचे नाव प्रतीक्षायादीत गेले आणि तेथेच राहिले.

कागद नस्तीला लावताना तिचा अर्ज पुन्हा हाती आला. ओळखीच्या खुणेच्या रकान्यात तिने सुवाच्य अक्षरांत लिहिले होते : ‘हनुवटीवर गोंदण’.