कॉफीच्या भांड्यापासून पाळण्यापर्यंत

मंडळी, जगातला पहिला वेबकॅम चोर पकडायला नव्हता, कॉफी बघायला होता! १९९१ साली केंब्रिज विद्यापीठाच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये कॉफीचं एकच भांडं होतं. जिने चढून जावं आणि भांडं रिकामं! वैतागून क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल जार्डेट्झ्की यांनी त्याच्यावर कॅमेरा रोखला. १९९३ मध्ये तो वेबवर आला आणि सगळं जग केंब्रिजची कॉफी बघू लागलं. मजा होती, कारण भांड्याला लाज नसते.

१९९६ मध्ये स्वीडनच्या ॲक्सिस कंपनीने थेट नेटवर्कला जोडायचा कॅमेरा आणला. त्याच्या पोटातच वेब सर्व्हर. म्हणजे कॅमेरा हीच एक वेबसाइट! सगळी गोम इथेच आहे. वेबसाइट म्हटली की कुठूनतरी लिंक धरून सर्च इंजिनचा क्रॉलर येणारच. शिवाय एका मॉडेलच्या सगळ्या कॅमेऱ्यांचा पत्ता एकाच साच्याचा. तेवढे शब्द गूगलवर टाकले की यादी हजर. २००५ च्या जानेवारीत याच्या बातम्या झाल्या. यात हॅकिंग कसलं? दाराला कुलूपच नव्हतं.

मग 'रोबोट्स डॉट टेक्स्ट' फाइल ठेवली तर? ती नुसती पाटी, 'कृपया आत येऊ नये'. सभ्य क्रॉलर ऐकतो, बाकीचे कशाला ऐकतील? २००९ मध्ये जॉन मॅथर्लीने शोडान काढलं. ते लिंकची वाटच बघत नाही, एकेका आयपी पत्त्याचं दार वाजवत फिरतं. 'माझा पत्ता कोणाला माहीत आहे?' हा युक्तिवाद तिथेच संपला.

सगळ्यात वाईट प्रकार २०१२ चा. अमेरिकेत ट्रेंडनेटच्या कॅमेऱ्यांत दोष निघाला. मालकाने पासवर्ड लावला तरी चित्र बिनपासवर्डचं दिसायचं. जवळजवळ ७०० कॅमेऱ्यांच्या लिंक नेटवर पडल्या. त्यात पाळण्यात झोपलेली बाळंही होती. २०१३ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीवर कारवाई केली. सगळ्या कॅमेऱ्यांना एकच सोपा डीफॉल्ट पासवर्ड देण्यावर ब्रिटनमध्ये बंदी यायला मात्र एप्रिल २०२४ उजाडलं.

असो. आपल्या हातात काय? डीफॉल्ट पासवर्ड बदला, फर्मवेअर अपडेट करा, राउटरवरचं पोर्ट फॉरवर्डिंग आणि यूपीएनपी बंद करा. बाहेरून बघायचंच असेल तर व्हीपीएन वापरा. बाळावर लक्ष ठेवायला कॅमेरा लावला, तर बघणारे आपणच आहोत ना, एवढं आज तपासाच.