मेलेल्या उंदराची वर्दी

बाजारपेठ म्हटली की धान्याची पोती आली, आणि पोत्यांमागून उंदीर आले. बेळगावचा खडेबाजार याला अपवाद कसा असणार?

१८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. दोन वर्षांच्या आतच ही साथ बेळगाव-धारवाडकडे पसरली. १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारच्या हाती मोठे अधिकार दिले. घरझडती आणि सक्तीचे विलगीकरण यांनी पुण्यात जो संताप पेटला, त्याची परिणती त्याच वर्षी २२ जूनला रँडवर झालेल्या गोळीबारात झाली. भयापोटी लोक रोगी लपवू लागले. आणि लपविलेला रोगी म्हणजे साथीचा पुसलेला माग होय.

१८९८ साली पॉल-लुई सिमों यांनी कराचीत उंदरावरील पिसवेकडे बोट दाखविले. मुंबईतील प्लेग आयोगाने १९०५ नंतरच्या प्रयोगांनी ते सिद्ध केले. मग रोग्याआधी उंदरावर नजर ठेवण्याची रीत पडली. घरात उंदीर पडला की गाव सोडून माळावर झोपड्या घालाव्यात, हे शहाणपण तर रयतेने अनुभवानेच मिळविले होते. हाफकिन यांची लसही, शेजारच्या हुबळीत १८९८ साली हजारो लोकांनी टोचून घेतली.

तात्पर्य, कायद्याने दार उघडता येते, तोंड नव्हे. मेलेल्या उंदराची वर्दी शेजाऱ्याने निर्भयपणे द्यावी, एवढा विश्वास जेथे असतो, तेथेच साथीचा माग लागतो.