म्हैसूरच्या बाळंतखोलीतली वही

म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यात होल्ड्सवर्थ मेमोरियल हॉस्पिटल आहे. गावात त्याची ओळख ‘मिशन हॉस्पिटल’ अशीच. वेस्लियन मिशनऱ्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते उघडलं, आणि त्याचा बाळंतपणाचा विभाग लवकरच नावारूपाला आला. १९३४ पासून तिथे एक शिस्त कसोशीने पाळली गेली. बाळ जन्मलं की त्याचं वजन घ्यायचं, डोक्यापासून टाचेपर्यंतची लांबी मोजायची, डोक्याचा घेर मोजायचा आणि तिन्ही आकडे रजिस्टरात लिहायचे. आईचं गरोदरपणातलं वजन आणि तिच्या कमरेच्या हाडांची मापंही नोंदली जात. बाळंतपण अडेल की नाही याचा अंदाज डॉक्टरांना त्या मापांवरून यायचा.

या नोंदींना पुढे कधी संशोधनाचं मोल येईल, असं त्या नर्सच्या मनातही आलं नसेल. रात्रपाळीत, एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर धावताना लिहिलेले ते आकडे. त्यांतून काही सिद्ध करायचं नव्हतं, म्हणून कुठला आकडा जरा वर सरकवण्याचं कारणही नव्हतं. आरोग्यसंशोधनातल्या चुकांचा विचार करताना ही गोष्ट फार मोलाची ठरते. उत्तर आधीच ठाऊक असलेल्या माणसाने घेतलेलं माप आणि प्रश्नच ठाऊक नसलेल्या माणसाने घेतलेलं माप यांत नकळत फरक पडतो.

अशीच एक वही इंग्लंडमध्ये होती. हर्टफर्डशायर परगण्यात एथेल मार्गारेट बर्नसाइड या आरोग्य अधिकारी बाईंनी सुइणींना आणि घरोघर जाणाऱ्या परिचारिकांना शिस्त लावली. १९११ पासून त्यांनी प्रत्येक बाळाचं जन्मवजन आणि वर्षाचं झाल्यावरचं वजन लिहून घेतलं. साऊथॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर जुन्या नोंदींच्या शोधात होते, त्यांच्या हाती या वह्या लागल्या. १९११ ते १९३० दरम्यान जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचा माग काढून त्यांनी १९८९ मध्ये दाखवून दिलं, की जन्मतः आणि वर्षाच्या वयाला हलकी असलेली मुलं पुढे हृदयविकाराने अधिक प्रमाणात दगावली होती. पाठोपाठ मधुमेहाचंही तसंच दिसलं. बार्कर आणि निक हेल्स यांनी मांडलेला विचार असा: पोटात असताना उपासमार झालेलं बाळ काटकसरीने जगायला शिकतं, आणि पुढे भरल्या ताटासमोर त्याचं शरीर गडबडतं.

हे खरं असेल तर त्याचा सगळ्यात मोठा पुरावा भारतात मिळायला हवा होता. कमी वजनाची बाळं इथे उदंड, आणि मधुमेह व हृदयविकार झपाट्याने वाढणारे. अडचण एवढीच, की साठ वर्षांपूर्वीची जन्मवजनं इथे लिहून ठेवली होती कुणी? म्हैसूरच्या मिशन हॉस्पिटलने ठेवली होती.

१९९०च्या दशकात त्या रजिस्टरांवर काम सुरू झालं. कागदावरच्या बाळाची तेव्हा पन्नाशीत असलेल्या माणसाशी गाठ घालणं हे पहिलं आणि बहुधा सगळ्यात चिकाटीचं काम. नोंद होते त्या दिवशी बाळाला नावच नसतं. बारसं पुढे कधीतरी. त्यामुळे हॉस्पिटलभोवतालच्या वस्तीत घरोघर फिरून, आईवडिलांची नावं आणि जन्मतारखा जुळवून माणसं शोधावी लागली. भारतातल्या जुन्या पिढीला स्वतःचं वय नेमकं सांगता येत नाही. जनगणनेच्या तक्त्यांत चाळीस, पंचेचाळीस, पन्नास या वयांना माणसांचे ढीग साचलेले दिसतात, ते त्यामुळेच. मधुमेह आणि हृदयविकार वयाबरोबर वाढतात, म्हणजे वयाचा घोळ हा निष्कर्षाचाच घोळ. इथे निदान जन्मतारीख तरी रजिस्टराने पक्की दिली. १९३४ ते १९६६ दरम्यान तिथे जन्मलेल्या आणि जवळपासच राहणाऱ्या ३,४२७ जणांची नोंद अशी जुळली.

१९९६ मध्ये क्लॉडिया स्टाइन, कॅरोलाइन फॉल, कल्याणरामन कुमारन, बार्कर आणि सहकाऱ्यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला. १९५४ पर्यंत जन्मलेल्या ५१७ स्त्री-पुरुषांची त्यात तपासणी होती. जन्मतः अडीच किलो किंवा त्याहून हलक्या असलेल्यांत हृदयविकाराचं प्रमाण ११ टक्के निघालं, तर ३.१ किलो आणि त्याहून भारी असलेल्यांत ३ टक्के. बाळ हलकं आणि आईचंही वजन ४५ किलोच्या आत असेल, तिथे ते २० टक्क्यांवर गेलं. इंग्लंडचीच गोष्ट म्हैसुरात पुन्हा दिसली, असं म्हणायला जागा होती.

पण आकडे जवळून पाहावेत. ५१७ माणसांत हृदयविकाराचे रुग्ण होते एकूण ५२: पुरुष २५ आणि स्त्रिया २७. ते वजनाच्या गटांत विभागले की एकेका गटाच्या वाट्याला मूठभर माणसं येतात. चार जण इकडचे तिकडे झाले तरी टक्केवारी हलते. संशोधकांनी स्वतःच छापलं आहे, की सगळे मिळून पाहिले तर हा कल संख्याशास्त्राच्या नेहमीच्या कसोटीला पुरेसा उतरत नाही. पंचेचाळिशीच्या पुढच्यांतच उतरतो. ११ आणि ३ हे दोन आकडे पुढे सगळीकडे गेले, पंचेचाळिशीची अट मात्र पुष्कळदा मागेच राहिली. संशोधनातली चूक प्रयोगशाळेतच होते असं नाही. बरेचदा ती लेखातून बातमीत आणि बातमीतून भाषणात जाताना होते.

खरी परीक्षा मधुमेहाच्या वेळी झाली. १९९८ मध्ये फॉल आणि सहकाऱ्यांनी याच मंडळींपैकी ५०६ जणांचे निष्कर्ष छापले. अपेक्षा होती, की हलकी बाळं पुढे मधुमेही निघतील. तसं दिसलं नाही. मधुमेह अधिक आढळला तो जन्मतः आखूड आणि लांबीच्या मानाने गुटगुटीत असलेल्यांत, आणि त्यांच्या आया इतरांपेक्षा वजनदार होत्या. ज्या गटाने जगभर एक सिद्धांत नेला, त्याच गटाच्या हाती त्या सिद्धांताशी न जुळणारं उत्तर आलं, आणि त्यांनी ते जसं होतं तसं छापलं. म्हैसूरच्या या कामाबद्दल सर्वाधिक आदर वाटावा, तो इथे.

‘लांबीच्या मानाने गुटगुटीत’ हे ठरतं कसं? वजनाला लांबीच्या घनाने भागायचं. २.८ किलोचं, ४८ सेंटिमीटरचं बाळ घेतलं तर उत्तर सुमारे २५.३ येतं. तेच बाळ आक्रसलं, गुडघा पुरता सरळ झाला नाही आणि टेपवर ४७ सेंटिमीटर वाचलं गेलं, तर तेच उत्तर जवळजवळ २७ होतं. लांबीत दोन टक्क्यांची चूक, निष्कर्षात साडेसहा टक्क्यांची! नुकत्याच जन्मलेल्या बाळाचे पाय एका हाताने सरळ धरणं किती अवघड, हे कुठल्याही नर्सला विचारावं. वजनाचंही तसंच. पौंडात वाचल्या जाणाऱ्या काट्यावर आकडा पुऱ्या किंवा अर्ध्या पौंडाकडे ओढला जातो, हे जगभरच्या जुन्या नोंदींत दिसतं. मात्र अशा चुका सगळ्या बाळांच्या बाबतीत सारख्याच विखुरलेल्या असतील, तर त्या खरा संबंध फिका करतात. नसलेला संबंध उभा करणं त्यांना सहसा जमत नाही.

नसलेला संबंध उभा राहतो तो वेगळ्या वाटेने: रजिस्टरात कोण आहे आणि कोण नाही, यातून. १९४०च्या सुमारास म्हैसूरच्या बहुतेक बायका घरीच बाळंत होत. हॉस्पिटलात येणारी एकतर अडलेली, नाहीतर हॉस्पिटल जवळ असलेली आणि तिथे जायला घरच्यांची ना नसलेली. मग त्या बाळांपैकी पन्नाशीपर्यंत जगली ती. त्यांतली गाव न सोडलेली तेवढीच सापडली. मुलींचं आणखी अवघड, कारण लग्न होऊन त्या दुसऱ्या गावी गेल्या. पहिलं बाळंतपण माहेरी करण्याच्या रीतीमुळे म्हैसुरात जन्मलेलं बाळ म्हैसूरचं असेलच असंही नाही. लहानपणीच दगावलेली सगळ्यात अशक्त मुलं तर या हिशेबात कुठेच नाहीत. रजिस्टरातली प्रत्येक ओळ अचूक मानली तरी हे सगळे गाळलेले लोक तिच्या बाहेर उभे आहेत, आणि त्यांचा विचार न करता काढलेला निष्कर्ष म्हैसूर शहरालाही पुरता लागू होणार नाही, भारत तर दूरच.

१९९८च्या निकालातून एक तर्क निघाला: वजनदार आयांना गरोदरपणात मधुमेह होत असेल, ती साखर बाळाकडे जात असेल. पण जुन्या रजिस्टरात रक्तातली साखर नव्हती. तर्काला कागदाचा आधार नाही म्हणून संशोधकांनी तो कागद नव्याने तयार करायला घेतला. १९९७-९८ मध्ये त्याच हॉस्पिटलात गरोदर स्त्रियांची ग्लुकोज पाजून तपासणी झाली. स्वित्झर्लंडच्या पार्थेनॉन ट्रस्टच्या पैशावर झालेल्या या अभ्यासाला ‘पार्थेनॉन’ हेच नाव पडलं. जी. व्ही. कृष्णवेणी यांनी पुढे त्याची मुख्य धुरा वाहिली. ७८५ स्त्रियांपैकी ४९ जणींना, म्हणजे ६.२ टक्क्यांना, गरोदरपणातला मधुमेह निघाला, आणि त्यांची बाळं खरोखरच अधिक वजनदार व चरबीदार होती. वर्षाची होईपर्यंत हा फरक बहुतेक मिटला. इथेच थांबले असते तर ‘काही बिघडत नाही’ असा निकाल लागला असता. पाचव्या वर्षी मुलांना पुन्हा बोलावलं, तेव्हा मधुमेही आयांच्या मुलींच्या अंगावर पुन्हा जास्त चरबी दिसली. आणि त्या आयांपैकी ३७ टक्के जणींना पाच वर्षांत कायमचा मधुमेह जडला होता. बाकीच्यांत हे प्रमाण २ टक्के होतं. त्या वेळचे रक्ताचे नमुने जपून ठेवले होते. काही वर्षांनी ते तपासल्यावर ४३ टक्के स्त्रियांत बी-१२ जीवनसत्त्व कमी निघालं. नमुने घेताना हा प्रश्न कुणी विचारलाही नव्हता.

त्याच काळात पुण्यात के.ई.एम. हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक जवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास करत होते, आणि फॉल त्यांच्याही सोबत होत्या. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, साऊथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. काटा म्हणत होता, बाळं वाळकी. चिमटीसारख्या मापकाने पाठीवरच्या कातडीखालची चरबी मोजली, तर ती मात्र वजनाच्या मानाने फारशी कमी नव्हती. नुसत्या वजनावर विसंबलं असतं तर हे दिसलंच नसतं. याज्ञिकांनी २००४ मध्ये जॉन युडकिन या इंग्रज सहकाऱ्यासोबतचा स्वतःचाच फोटो ‘लॅन्सेट’ला दिला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक २२.३, पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२.

बार्कर यांच्या जन्मवजनाच्या सिद्धांतावर बोट ठेवणारेही होते. २००२ मध्ये रेचल हक्स्ली आणि सहकाऱ्यांनी जन्मवजन आणि रक्तदाब यांच्यावरचे अभ्यास एकत्र मांडून दाखवलं, की अभ्यास जितका लहान तितका त्यातला संबंध ठळक, आणि मोठ्या अभ्यासांत तो जवळजवळ विरून जातो. लहान अभ्यासांतले अनुकूल निकाल छापून येतात, प्रतिकूल फडताळात राहतात, हा त्याचा सरळ अर्थ. ५२ रुग्णांवर उभा असलेला म्हैसूरचा पहिला लेखही याच नजरेने वाचायला हवा.

नुसत्या निरीक्षणांनी हा वाद मिटणार नव्हता, म्हणून प्रयोग करावा लागला. तो मुंबईच्या झोपडपट्ट्यांत झाला. डॉ. रमेश पोतदार, फॉल आणि सहकाऱ्यांनी २००६ पासून ६,५१३ स्त्रियांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत विभागलं. एका गटाला गरोदर राहण्याच्या आधीपासून रोज पालेभाज्या, फळं आणि दूध घातलेला खाऊ, दुसऱ्याला बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा. बाळांच्या वजनात सरासरी फरक पडला २६ ग्रॅमचा, कसोटीला न उतरणारा. किमान तीन महिने आधीपासून खाऊ खाल्लेल्यांत तो ४८ ग्रॅम होता. गरोदरपणातला मधुमेह मात्र १२.४ टक्क्यांऐवजी ७.३ टक्के स्त्रियांतच आढळला. पण साखरेची ती तपासणी हजारभर स्त्रियांचीच होऊ शकली होती, आणि हेही त्या निकालाच्या लेखात स्पष्ट लिहिलेलं आहे.